काढलेली नर्स

विमलला आमच्या घरात सगळ्यात जास्त बोलणी बसली ती मीठ हातात दिल्याबद्दल. विमल माझी चुलतबहीण, धाकट्या काकांची मुलगी, माझ्याच वयाची. काका मुंबईला गोदीत कामाला होते, त्यामुळे ती चौथीपर्यंत तिकडे वाढली. मग काकीला तिथली हवा मानवेना म्हणून मायलेकी वाडीत येऊन राहिल्या. आमची वाडी पोलादपूरच्या वर, आंबेनळी घाटाच्या वाटेला. घरात राज्य माझ्या आईचं, आणि त्या राज्यात काही वस्तू हातातून हातात जात नसत. मीठ, मिरची, सुई, कात्री, कोयता. देणाऱ्यानं खाली ठेवायचं, घेणाऱ्यानं खालून उचलायचं. हातात दिलं की दोघांत भांडण लागतं, असं आई म्हणायची, तिचं माहेर म्हणायचं आणि अख्खी वाडी म्हणायची. मुंबईकर विमल मात्र मागितलं की सरळ समोरच्याच्या तळहातावर मीठ ठेवायची. "ठेव गो खाली! भांडान लावतंस काय घरात?" आई ओरडायची. विमल हसायची, "सॉरी मोठी आई" म्हणायची आणि दुसऱ्या दिवशी परत तेच. मला आईनं एकदाही ओरडावं लागलं नाही. मी एकदा ऐकलं आणि माझ्या हातांनी ते कायमचं ऐकलं. पाहुण्यांसमोर आई म्हणायची, "आमच्या रंजीला वळण हाय." तेवढ्यावर मी आठवडाभर फुगून फिरायची.

मी जळकी बाई आहे, हे इथंच सांगून टाकते. माझी नात हे कागद वाचते आणि म्हणते, आजी, स्वतःबद्दल असं लिहितात का? का लिहू नये? साठी उलटली, नवरा गेला, गुडघे गेले, आता कुणाकडून चांगलं म्हणवून घ्यायचंय मला? विमलचं आणि माझं आजही रोज फोनवर बोलणं होतं. ती निवृत्त होऊन नाते गावी राहते, मी इथं महाडात. तिच्या पायांत गोळे येतात तेव्हा मला वाईट वाटतं, खोटं नाही. पण घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कुणी लिहिलं की "विमलमावशी, बाळाला ताप आहे, काय देऊ?" तर अजून मी फोन पालथा घालून ठेवते. उत्तर मला माहीत असतं. मला कुणी विचारत नाही.

दहावीला मला विमलपेक्षा बरेच जास्त मार्क होते. महाडला एका ट्रस्टच्या हॉस्पिटलात नर्सिंगची शाळा होती, तिथं दोघींना एकदमच घेतलं. ही गोष्ट आमच्या घराला एवढी मोठी वाटली की काकांनी मुंबईहून दोघींना एकसारख्या ट्रंका पाठवल्या. आईनं नाचणीचे लाडू बांधले, फणसाचे तळलेले गरे डब्यात भरले, आणि वर सुकटीची चटणी, तीही दोघींना निम्मी निम्मी. एसटी वळणाआड जाईपर्यंत ती रस्त्यावर उभी होती. वाडीतल्या बायकांना तिनं आधीच सांगून ठेवलं होतं की आता दुखलंखुपलं तर पोलादपूर गाठायला नको, रंजी करील. विमलचं नाव तिनं घेतलं नव्हतं. हे मला चांगलं आठवतं, कारण मी ते कान देऊन ऐकलं होतं.

हॉस्टेल म्हणजे हॉस्पिटलच्या मागची कौलारू खोली, आठ खाटा, एक आरसा. पहाटे कारखान्यांच्या बसगाड्या एमआयडीसीकडे निघायच्या, त्यांच्या आवाजानं जाग यायची. वारा तिकडून असला की चहालासुद्धा औषधाचा वास. जेवायला पातळ डाळ आणि कोबी, कोबी आणि पातळ डाळ. मला घरच्या कुळथाच्या पिठीची एवढी आठवण यायची की झोपताना तिचा वास घ्यायचा प्रयत्न करायची. अभ्यासात मात्र मी पुढं. हाडांची नावं, रोगांची लक्षणं, औषधांची मात्रा, सगळं तोंडपाठ. विमल परीक्षेच्या आदल्या दिवशी माझ्याकडून समजून घ्यायची आणि काठावर पास व्हायची. पहिल्या लेखी परीक्षेत मी पहिली आले. आमच्या ट्यूटर, पाटणकर सिस्टर, उंच, कडक बाई, त्यांनी वर्गात माझं नाव घेतलं. विमलनं सगळ्यात जोरात टाळ्या वाजवल्या. तिला मत्सर कशाशी खातात तेच माहीत नव्हतं. त्याचाही मला हेवा वाटतो.

मग वॉर्डातली कामं सुरू झाली आणि माझी फजिती सुरू झाली. ड्रेसिंग करताना डॉक्टर जखमेवरून नजर न काढता नुसता हात पुढं करतात. त्या हातात कात्री किंवा चिमटा नीट, दाबून ठेवायचा असतो. मी ठेवायची नाही. मी ती कात्री त्यांच्या हाताशेजारी ठेवून द्यायची. कधी ट्रेच्या कडेवर, कधी पेशंटच्या चादरीवर, म्हणजे उकळून स्वच्छ केलेली वस्तू मी स्वतःच्या हातानं घाण करायची. "हातात!" सिस्टर म्हणायच्या. "हातात दे, हातात!" मी मान हलवायची, पुढच्या वेळी अगदी ठरवून जायची, आणि समोर रक्त दिसलं, डॉक्टरांचा आवाज चढला की माझा हात आपला खाली जाऊन मोकळा. भांडण होईल असं मला खरंच वाटत होतं का? अहो, अजिबात नाही! पण माझ्या वाटण्याला तिथं विचारतो कोण? डोकं शिकत होतं आणि हात अजून आईच्या चुलीपाशी बसले होते. हॉस्टेलवर विमल माझ्याकडून सराव करून घ्यायची. खाटेवर बसून तळहात पसरायची, "दे कात्री, दे चिमटा," आणि खोलीत मला सगळं जमायचं. विमल खूश व्हायची. मला मात्र वाटायचं, हिनं मला शिकवावं? हिनं?

शेवटचं झालं ते एका कामगाराच्या बाबतीत. पत्र्यानं त्याचा पंजा कापला होता, सहकाऱ्यांनी मोटारसायकलवर मधे बसवून आणलेला. डॉक्टर टाके घालत होते आणि मदतीला मी. त्यांनी हात पुढं केला. सुई अडकवलेला चिमटा मी त्यांच्या कोपराशी चादरीवर ठेवला. त्यांनी हात मागं घेतला, कोपराचा धक्का लागला आणि चिमटा सुईसकट खाली फरशीवर. दुसरा संच उकळून तयार नव्हता. तो होईपर्यंत तो माणूस अर्धे टाके पडलेला हात धरून बसून राहिला आणि मी बोळा दाबून त्याच्यासमोर. "व्हईल, व्हईल, घाबरू नको ताई," असं तोच मला म्हणत होता. डॉक्टर सिस्टरांकडे बघून म्हणाले, "ही परत नको." एवढंच.

बाबांना निरोप गेला. ते धुतलेली टोपी घालून, कडव्या वालांच्या शेंगांची पिशवी घेऊन आले. पहिली आलेल्या मुलीच्या बापाला बोलावलंय म्हणजे कौतुकालाच, अशी त्यांची समजूत. सिस्टरांनी त्यांना खुर्ची दिली. त्या वाईट बोलल्या नाहीत, तेच जास्त लागलं. म्हणाल्या, "मुलगी हुशार आहे तुमची. पण वॉर्डात तिच्या हाती पेशंट द्यायला माझं मन धजत नाही. पुन्हा पुन्हा सांगून पाहिलं. कमिटीनं ठरवलंय, तिला आता इथं ठेवता येणार नाही." बाबा म्हणाले, "बाई, घरात समदं करते ती. गाय व्यायली तवा वासरू हिनंच काढलान." सिस्टरांनी समोरची फाईल मिटली. मला तोंड उघडून खरं कारण सांगता आलं असतं. पण मीठ-मिरचीची गोष्ट त्या टेबलापुढं सांगायची मला लाज वाटली. तेवढ्यात दारातून विमल आत आली, न विचारता. "सिस्टर, आमच्याकडं अशा वस्तू हातात देत नाहीत. लहानपणापासूनची सवय आहे तिची. तिला अजून थोडे दिवस द्या." सिस्टरांनी तिच्याकडं पाहिलं आणि विचारलं, "तू पण त्याच घरातली ना?"

विमलनं नुसती मान हलवली. खरं उत्तर माझ्याकडं होतं. ती त्या घरातली होती, पण तिनं त्या घराचं ऐकलं नव्हतं. ज्या न ऐकण्याबद्दल तिनं आयुष्यभर बोलणी खाल्ली, त्याच न ऐकण्यानं ती तिथं टिकली. आणि मी वळणाची मुलगी, ट्रंक उचलून बाहेर! अंगाचा असा तिळपापड झाला की रडूसुद्धा आलं नाही. माझ्यासाठी भांडायला आलेल्या त्या मुलीला मी दारातून जाताना खांद्यानं ढकलून गेले. बाबा शेंगांची पिशवी सिस्टरांच्या टेबलाखाली विसरले की मुद्दाम ठेवली, मी कधी विचारलं नाही. पोलादपूरच्या स्टँडवर त्यांनी मला कांदाभजी घेऊन दिली, स्वतः खाल्ली नाहीत.

वाडीत बातमीला पाय फुटायला वेळ लागत नाही. आई पहिल्या दिवशी रडली, दुसऱ्या दिवशी म्हणाली, "जाव दे, कोंबड्यांना दाणा टाक." मग तो विषयच बंद. मी शेण काढलं, पाणी भरलं, लाकडं आणली, भाकऱ्या थापल्या. बायका पाणवठ्यावर माझ्याशी जास्तच गोड बोलायला लागल्या. माझ्या माघारी मला "काढलेली नर्स" म्हणतात हे मला एका लहान पोरीकडून कळलं, तिनं तोंडावरच विचारलं, "ताय, तुला काढली म्हंजे कशातून काढली?" हसू नका. त्या वेळी मीही हसले नव्हते.

आणि महिन्यातून एकदा विमल घरी यायची. आली की घराचा नूर पालटायचा. काकी गादी झटकायची, कोंबडी कापली जायची. रश्श्याचं वाटप मी वाटायची, पाट्यावर, कपाळाचा घाम डोळ्यांत जाईपर्यंत, आणि मांडी विमलच्या ताटात पडायची. तिचे पांढरे बूट पडवीत असे मधोमध ठेवलेले असायचे की आल्यागेल्यानं ते ओलांडूनच आत यावं. गणवेश ती घरीच धुवायची, आणि तो दोरीवर वाळत असला की मला तिथून जाववत नसे. एकदा कुणी नाही बघून मी तो अंगाला लावून पाहिला. मला तो तिच्यापेक्षा नीट बसत होता. काय उपयोग! संध्याकाळी पडवीत माणसं जमायची. कुणाचा दम, कुणाचं पोट, कुणाच्या सुनेचे दिवस. विमल थर्मामीटर झटकत सगळ्यांशी बोलायची. एकदा तुकारामआजोबांनी कागदात गुंडाळलेल्या गोळ्या पुढं केल्या आणि विचारलं, ह्या जेवणाआधी घ्यायच्या की मागून? विमल अडखळली. मी आतून, चुलीपाशी बसून, म्हटलं, "जेवणानंतर. उपाशीपोटी घेतल्या तर पोटात जळजळेल." बरोबर होतं ते. विमलसुद्धा म्हणाली, "हां, बरोबर सांगितलं रंजीनं." आजोबांनी माझ्याकडं मान वळवली आणि अगदी प्रेमानं म्हणाले, "तू नको सांगू बाय. तुला काढली ना?" त्या रात्रीच्या रश्श्यात मी मीठ घालायला विसरले. सगळ्यांनी तो तसाच खाल्ला, बोललं कुणी नाही.

एवढंही मी गिळलं असतं. बाहेरच्यांनी काय समजायचं ते समजावं. माझा सगळा जीव अडकला होता तो आईत. आईनं अजून मला नालायक ठरवलेलं नाही, ह्या एका गोष्टीवर मी उभी होते. तिनं तो विषय बंद केला तो मला जपायला, असं मी धरून चालले होते. तिचं डोकं चेपायला, पाठ रगडायला ती मलाच हाक मारायची. एकदा काही मोठं होऊ दे, मग बघा ही कुणाला बोलावते, असंही मनात यायचं. देवानं तेवढंच ऐकलं.

भाताच्या राबासाठी कवळ तोडायचे दिवस होते, म्हणजे झाडांचे टाहाळ उतरवून शेतात जाळायला वाळवत ठेवायचे. आई कोयता चालवत होती, फांदी सरकली आणि कोयता तिच्या पायाच्या चवड्यावर उतरला. बाबांनी तिला पाठीवर घेऊन रस्त्यापर्यंत आणलं, एका टेम्पोनं पोलादपूरला नेलं, तिथं टाके पडले. डॉक्टर म्हणाले, दिवसाआड ड्रेसिंग करा, पट्टी ओली होऊ देऊ नका. दिवसाआड कोण जाणार एवढ्या लांब, असं बाबा म्हणाले, तेव्हा डॉक्टरांनीच विचारलं, घरात कुणी आहे का करणारं? मी पुढं झाले. "मी आहे." त्यांनी कापूस, जाळीची पट्टी, लाल औषध माझ्या हातात दिलं. टेम्पोत मी ते छातीशी धरून बसले होते. आईला दुखत होतं आणि मी आनंदात होते, झालं!

ड्रेसिंगच्या दिवशी सकाळी मी पातेलं घासून पाणी उकळलं, चिमटा उकळला, स्वच्छ फडकं उन्हात वाळवून आणलं. हात साबणानं कोपरापर्यंत धुतले. सगळं ताटात मांडून आईच्या अंथरुणापाशी बसले आणि म्हटलं, "आई, पाय पुढं कर." आईनं पाय लुगड्याखाली ओढून घेतला.

"राव दे," ती म्हणाली. "शनवारी विमल येतेय."

"आई, आज बुधवार आहे. पट्टी आजच बदलायचीय."

"काय होत नाय दोन दिसांनी. राव दे म्हटलं ना."

"मला येतं, आई. मी शिकलेय ते."

ती भिंतीकडं बघत राहिली. मी दुपारी परत विचारलं. दुसऱ्या दिवशी परत पाणी उकळलं, परत ताट मांडलं. बाबांनी समजावलं, काकीनं समजावलं. पट्टीला बाहेरून पिवळा डाग आला, वास यायला लागला, तिला पाय खाली टेकवेना. तरी पाय लुगड्याखालीच. परड्यात नेताना ती माझ्या खांद्यावर सगळा भार टाकायची, जेवण माझ्या हातचं खायची, वेणी माझ्याकडून घालून घ्यायची. फक्त तेवढा पाय मला द्यायचा नाही. मी उकळलेलं पाणी केळीच्या मुळाशी ओतून टाकायची आणि तिथंच उभी राहून दात-ओठ खायची.

शनिवारी दुपारी विमल आली. पट्टी बघूनच तिचा चेहरा उतरला. "मोठी आई, हे काय? रंजी होती ना घरात? तिच्याकडून करून नाही घ्यायचं?" विमलनं हात धुतले, तिथंच मांडी घातली, आणि आईनं लुगडं बाजूला करून पाय तिच्या मांडीवर ठेवला. असा ठेवला, की जणू तो तिचाच! विमल एकीकडं बडबडत होती, वॉर्डातल्या गमती सांगत होती, आई चक्क हसत होती. मी दारात उभी राहून चूक शोधत होते. पट्टी भिजवून सोडवते की ओढते? आतून बाहेर पुसते की बाहेरून आत? एकच बोळा दोनदा वापरते का? एक चूक, देवा, एकच. सापडली नाही. सगळं नीट केलं तिनं. टाके सुखरूप होते, कडेला थोडा पू होता, तो तिनं काढला, औषध लावलं, पट्टी बांधली. "रंजी, बघ गो, बरं आहे ना?" तिनं मला विचारलं. मनापासून विचारलं. मी "मला काय कळतंय" म्हटलं आणि गुरांना पाणी दाखवायला निघून गेले. गोठ्यात मला एवढं रडू आलं की म्हैस रवंथ करायची थांबून माझ्याकडं बघायला लागली.

पुढं मी एमआयडीसीत औषधांच्या कंपनीत पॅकिंगला लागले, तीस वर्षं तिथं काढली, लग्न, मुलं, फ्लॅट, सगळं झालं. तक्रार नाही. पण ह्या सगळ्यासाठी मी वाडीतून बाहेर पडले ती विमल परत गेली त्या सोमवारच्या सकाळी झालेल्या बोलण्यामुळं, म्हणून तेवढं लिहून थांबते.

विमलला एसटीत बसवून मी वर आले. आई पडवीत पाय लांब करून बसली होती, पांढरीशुभ्र पट्टी, उन्हात. मी भाकरीचं पीठ मळायला घेतलं. ती बराच वेळ माझ्या हातांकडं बघत होती. मग म्हणाली, "रागावलंस माझ्यावर?"

मी म्हटलं, "तुझा पाय. तुला हवा त्याला दे."

"तसा नाय गो. विमलच्या हातून बिघडला असता, तर लोक म्हनले असते, जखमच वाईट होती. तुझ्या हातून बिघडला असता तर समदा गाव परत तुझ्या नावानं बोलला असता. आधीच काय कमी बोलतात? माझा पाय सडला असता तरी चालला असता, पन तुला बोल नको. म्हनून नाय दिला."

तिचे डोळे भरले होते. खरं बोलत होती ती, आणि माझ्यासाठी चार दिवस तिनं ठणका सोसला होता. दुसरी कुणी मुलगी असती तर उठून आईच्या गळ्यात पडली असती. मी पीठ मळत राहिले. कारण मला त्यातला एकच शब्द ऐकू आला होता. बिघडला असता. माझ्या हातून बिघडेल हे तिनं आधीच धरलं होतं, अगदी प्रेमानं धरलं होतं. सिस्टरांनी मला काढलं, डॉक्टरांनी काढलं, आणि आता आईनं काढलं, मायेनं. आणि जिच्या हातून बिघडला तरी बोल जखमेलाच लागणार होता, त्या विमलचा मला त्या क्षणी जितका हेवा वाटला तितका तिचा पांढरा गणवेश बघूनही वाटला नव्हता.

"बरं केलंस," मी म्हटलं आणि भाकरी तव्यावर टाकली.

मला तिची माया नको होती. मला पाय हवा होता.